कोऱ्या पाठीची एकोणीस कार्डं

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक वाटचालीत बेकारीच्या प्रश्नाशी ज्यांनी आयुष्यभर झुंज दिली, अशा मोजक्या व्यक्तींमध्ये नागनाथ शेटे यांचं नाव आदरानं घ्यावं लागेल. त्यांच्या निरोपसमारंभात हे वाक्य मी वाचून दाखवलं होतं, कारण ते मीच लिहिलं होतं. वस्तुस्थिती अशी, की अण्णा शेट्यांनी उभ्या आयुष्यात एकाही माणसाला नोकरी दिली नाही. तसा त्यांना अधिकारच नव्हता. ते सेवायोजन कार्यालयात कारकून होते आणि बेकारांची नावं कार्डावर लिहीत. बेकारीच्या आकड्यावर त्यांच्या हातून ठळक परिणाम असा एकदाच झाला, आणि त्या वेळी आकडा वाढला.

आमचं कार्यालय पिंपरी स्टेशनजवळ, एका सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होतं. लोक त्याला एक्स्चेंज म्हणत. खाली दिवसभर पंक्चर काढण्याची ठाकठोक, वर आमचे शिक्के. काम सोपं होतं. माणूस यायचा, नाव-गाव-शिक्षण सांगायचा. त्याचं एक कार्ड आमच्या खणात जायचं, एक त्याच्या हातात. कंपन्या माणसं मागायच्या, तेव्हा ज्याची नोंद जुनी त्याला आधी पत्र. हातातलं कार्ड ठरलेल्या तारखेला आणून मागच्या बाजूला शिक्का मारून घ्यायचा. तो मारला नाही, तर खणातल्या कार्डावर तांबडी रेघ. मग पुन्हा नाव नोंदवायचं आणि रांगेच्या शेपटाला उभं राहायचं. अण्णा प्रत्येक नव्या उमेदवाराला सांगत, "घर गेलं तर भाड्यानं मिळेल, तारीख गेली तर मिळणार नाही."

मी तिथं चिकटलो तेव्हा अण्णा पन्नाशीच्या आत-बाहेर होते. बार्शीकडचे. ठेंगणे, अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्यावर पांढरी टोपी, आणि चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. ती काडी मी त्यांच्याकडे होतो तोवर कधी दुरुस्त झाली नाही, कारण दोरा अजून टिकून आहे असं त्यांचं म्हणणं होतं. सकाळचा चहा पोटात जाईपर्यंत त्यांच्याशी कुणी बोलू नये, असा आमच्या कार्यालयाचा अलिखित नियम होता. लिखित नियमांपेक्षा तो जास्त पाळला जाई.

छापील फॉर्मवर शिक्षण आणि अनुभव असे दोन रकाने असत. अण्णांना दोन्हींत रस नव्हता. ते चष्म्यावरून बघत आणि विचारत, "काय येतं?"

एकदा जुन्नरकडचा एक माणूस आला होता. तिशीतला, अंगठेबहाद्दर. काही येत नाही, असं त्यानं सरळ सांगितलं. अण्णांनी विचारलं, मग इतकी वर्षं जगलास कसा. तो म्हणाला, शेतात. शेतात काय करायचास? पाणी धरायचो. पाणी कुठून यायचं? इंजिनानं. इंजिन बंद पडलं की? मग मीच चालू करायचो, म्हणाला. दुष्काळात वायसर मिळेना, तेव्हा जुन्या चपलांचं चामडं कापून बसवलं आणि आख्ख्या आळीची इंजिनं चालवली. अण्णांनी लेखणी खाली ठेवली. आमच्याकडे कामधंद्यांच्या क्रमांकांचा एक जाडजूड ग्रंथ होता, तो त्यांनी ओढला आणि चपलेच्या चामड्याचा मान राखणारा क्रमांक शोधत वीस मिनिटं बसले. रांग जिन्यावरून खाली सायकलच्या दुकानात गेली. दुकानदार वर येऊन भांडून गेला. शेवटी कार्डावर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात उमटलं: तेल इंजिन, दुरुस्ती व देखभाल. काही महिन्यांनी एका कारखान्याला पंपावर माणूस हवा होता, तो हाच गेला. पुढं तो पेढे घेऊन आला, तेव्हा अण्णांनी त्याला रांगेत मध्ये घुसल्याबद्दल झापलं. पेढे ठेवून घेतले.

याच प्रश्नानं ते पदवीधरांवर मात्र अन्याय करत. एखादा बी. ए. झालेला तरुण घडीच्या पँटीत यायचा. अण्णा विचारायचे, काय येतं? तो म्हणायचा, मी ग्रॅज्युएट आहे. अण्णा म्हणायचे, ते कळलं, येतं काय? तरुण लाल व्हायचा. मला ते बरं वाटायचं नाही, कारण मीही बी. ए. होतो, आणि मला काय येतं हे त्यांनी मला कधीच विचारलं नव्हतं.

वर्तमानपत्र ते तांबडी पेन्सिल हातात धरून वाचत. बेकारी इतकी घटली, तितकी वाढली अशी बातमी दिसली, की समासात एकच शब्द लिहीत: कुणाची? मग घडी करून पेपर माझ्या टेबलावर टाकत. आकडा खाली आला तर कोण पडलं ते बघावं, असं ते म्हणत. मी नवा होतो. आकडा म्हणजे बेरीज, असा माझा समज होता.

नियमाच्या बाबतीत ते किती कडवे होते, याचा पुरावा त्यांच्या घरातच होता. त्यांचा मुलगा विलास बी. कॉम. होऊन घरी बसला होता. त्याचं नाव आमच्याच खणात. त्याची शिक्क्याची मुदत एका शनिवारी संपत होती. विलास मित्रांबरोबर लोणावळ्याला गेला आणि सोमवारी सकाळी कार्ड घेऊन हजर झाला. अण्णांनी खणातून त्याचं कार्ड काढलं, पट्टी ठेवली आणि तांबडी रेघ मारली. मग नवा फॉर्म पुढं सरकवून विचारलं, "काय येतं?"

विलासच्या आईनं, शांतावहिनींनी, यावर वाद घातला नाही. पुढचे आठ दिवस अण्णांच्या डब्यात फक्त शेपूची भाजी आली. अण्णांना शेपू चालत नसे, हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. विलासनं आमच्या पत्राची वाट बघितली नाही. भोसरीत एकेका कंपनीच्या गेटवर जाऊन उभा राहिला आणि दोन महिन्यांत स्टोअरकीपर म्हणून लागला. अण्णांनी त्याचं दुसरं कार्डही नियमाप्रमाणे रद्द केलं.

हे सगळं सांगितलं, कारण पुढं जे घडलं ते अशा माणसाच्या हातून घडलं.

चाकण रस्त्यावर मोशीच्या पुढं माळवस्ती नावाची एकोणीस घरांची वस्ती होती. तिथली जमीन एका कारखान्याच्या वाढीसाठी घेतली गेली. घरटी एकाला काम, असं आश्वासन होतं, आणि त्याची पहिली पायरी म्हणून प्रत्येक घरातल्या एका तरुणाची नोंदणी आमच्याकडे व्हायची होती. एरवी हे एका दुपारचं काम. पण आमच्या जठारसाहेबांना वरून कळवण्यात आलं, की नोंदणी समारंभपूर्वक होईल आणि कार्डं प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते दिली जातील. प्रमुख पाहुणे कोण होते, ते सांगण्यात अर्थ नाही. ते सगळीकडे प्रमुख पाहुणेच असत.

दोन दिवसांत एकोणीस कार्डं तयार करायची होती. अण्णांनी पुढची बाजू लिहून काढली आणि मागच्या बाजूला शिक्क्याच्या तारखा घालायला घेतल्या. साहेबांनी थांबवलं. अजून मंडपवाला यायचा होता, हारांची ऑर्डर जायची होती. पाहुणे काही कार्ड उलटून बघणार नाहीत, आधी समारंभ होऊ द्या, तारखा मागाहून घाला, असं साहेबांचं म्हणणं. अण्णा म्हणाले, निदान प्रत्येकाला समजावून सांगायला पाच-पाच मिनिटं तरी द्या. साहेब म्हणाले, कार्यक्रमपत्रिकेत तेवढी जागा नाही.

शाळेच्या पटांगणात मंडप पडला. लाऊडस्पीकर आला, मुलींनी स्वागतगीत म्हटलं. कार्ड मुलाच्या नावाचं असलं, तरी ते घ्यायला प्रत्येक घरातला कर्ता पुरुष फेटा बांधून व्यासपीठावर गेला. प्रत्येकाला कार्ड, नारळ आणि गुलाबाचं फूल मिळालं, फोटो निघाला. पाहुणे भाषणात म्हणाले, की आजपासून या वस्तीतली बेकारी संपली. टाळ्या पडल्या. ज्यांच्या हातात बेकार असल्याचा सरकारी कागद होता, त्यांनीही वाजवल्या; नारळ काखेत धरून जितक्या वाजतात तितक्या.

पुढच्या आठवड्यात अण्णा शिक्का घेऊन वस्तीवर जाणार होते. तेवढ्यात त्यांना विषमज्वर झाला आणि सहा आठवडे ते घरी पडून राहिले. परत आले तेव्हा टेबलावर कागदांचा ढीग होता. माळवस्ती त्यांच्या डोक्यातून गेली.

पुढच्या काळात वरून पत्रांचा सूर बदलला. मॅट्रिक झालेल्या बेकारांना भत्ता देण्याची योजना जाहीर झाली होती. ज्याचं नाव काही वर्षं सलग नोंदलेलं असेल, त्यालाच तो मिळायचा. योजना जाहीर करताना सरकारला आनंद झाला होता, आणि मागणाऱ्यांची संख्या कळल्यावर तो ओसरला होता. नोंदी अद्ययावत कराव्यात, अशी पत्रं येऊ लागली. अद्ययावत म्हणजे कमी, हे साहेबांना सांगावं लागलं नाही. खण उपसून मुदत टळलेली कार्डं बाजूला काढायचं काम माझ्याकडे आलं. मी ते मन लावून केलं. पट्टी ठेवून रेघा मारल्या. त्या महिन्याचा आकडा चांगलाच उतरला. साहेबांना वरून शाबासकी आली आणि पाहुण्यांनी चिंचवडला एका उद्घाटनात सांगितलं, की या पट्ट्यातली बेकारी हटू लागली आहे. अण्णांनी ती बातमी वाचली आणि समासात आपला शब्द लिहिला. उत्तर माझ्या खणात होतं, पण ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

ते उत्तर घेऊन एक दिवस बबन येळवंडे आला. माळवस्तीतला. मॅट्रिक, वर आयटीआयचं टर्नरचं प्रशिक्षण. नुकतीच चोविशी ओलांडलेली. कंपनी शिकाऊ माणसं घेताना पंचविशीची अट लावत असे, म्हणजे त्याच्या हातात वर्षही उरलं नव्हतं. शेजारच्या गावात पोरांना कंपनीची पत्रं आली होती, माळवस्तीत एकालाही नाही. अजून किती थांबायचं, एवढंच त्याला विचारायचं होतं.

अण्णांनी कार्ड मागितलं. बबननं काखेतलं टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं आणि टॉवेल सोडला. आत काचेची तसबीर होती. सोनेरी पट्टीची, वर अडकवायला कडी. काचेच्या आत त्याचं नोंदणीचं कार्ड, आणि कोपऱ्यात सुकलेलं गुलाबाचं फूल चिकटवलेलं.

"हे कुणी केलं?" अण्णांनी विचारलं.

"वडलांनी. चाकणच्या बाजारात. समद्यांनीच केली, एकदम एकोणीस, म्हणून त्यानं सस्तात दिली," बबन म्हणाला. मग त्यालाच जरा ओशाळल्यासारखं झालं. "त्याच्यावर लिवलंय ना, जपून ठेवावं."

लिहिलं होतं खरं. कार्डाच्या तळाशी ठळक छापलेलं असायचं: हे कार्ड जपून ठेवावे. व्यासपीठावरून, हार-तुरे आणि लाऊडस्पीकरच्या साक्षीनं जो कागद मिळतो, तो जपून ठेवायचा म्हणजे काचेतच ठेवायचा. माळवस्तीनं सरकारी हुकूम जितका पाळला तितका कुणीच पाळला नसेल.

अण्णांनी कागद कापायच्या सुरीनं मागच्या बारीक लोखंडी चुका उपसल्या, पुठ्ठा काढला, कार्ड उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. तारीख नाही, शिक्का नाही, काही नाही. अण्णांनी मला खणातलं जोडकार्ड काढायला सांगितलं. मी काढलं. त्यावर माझी तांबडी रेघ होती.

"रेघ सरळ मारलीय," अण्णा म्हणाले. माझ्या कामाची त्यांनी केलेली ही पहिली स्तुती. ऐकून मला जिना उतरून निघून जावंसं वाटलं.

बबनला त्यांनी खुर्चीवर बसवलं, आणि नाव कापलं गेलं आहे, नव्यानं नोंदवलं तर तारीख आजची पडेल, हे आडपडदा न ठेवता सांगितलं. बबननं हिशेब पटकन केला. "म्हंजी आमची पाळी येईस्तोवर वय जाणार."

"तसं होऊ नये म्हणून बघतो," अण्णा म्हणाले. असं वाक्य मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं. 'बघतो' हा शब्द ते साहेबांसाठी राखून ठेवत.

शनिवारी अर्ध्या दिवसानंतर आम्ही दोघं एसटीनं माळवस्तीवर गेलो. प्रत्येक घरात तीच तसबीर. कुठं देवांच्या रांगेत, कुठं लग्नाच्या फोटोशेजारी, एका घरात तर तिला कुंकू लावलेलं. अण्णा प्रत्येक घरात नम्रपणे तसबीर खाली काढायला सांगत आणि कार्ड उलटून बघत. अठराही कोरी. बबनची आई पार्वताबाई मात्र भडकलेली होती. बबन तसबीर घेऊन गेला होता, तो रिकामी चौकट घेऊन परत आला होता.

"मंत्र्यानं हातानं दिल्यालं फोडलंत तुमी," ती म्हणाली. "नोकरी न्हाई दिली ती न्हाई दिली, फोटू तर ऱ्हाऊ द्यायचा हुता."

अण्णांनी टोपी काढून हातात घेतली. "बाई, चूक माझी हाय. मागच्या अंगाला तारीख घालायची माझ्याकडून राहिली. मी आजारी पडलो, आन् मग विसरलो."

"इसरलात?"

"विसरलो."

कचेरीतला माणूस घरी येऊन 'विसरलो' म्हणतो, हे पार्वताबाईला नवीन असावं. मलाही होतं. थोड्या वेळानं तिनं चहा ठेवला. गुळाचा होता. अण्णांनी दोन कप घेतले.

सोमवारी अण्णा चहा न घेता लिहायला बसले. दुपारपर्यंत एक पानभर टिपण तयार झालं. त्यात विशेषणं नव्हती. मजकूर असा: माळवस्तीतील एकोणीस उमेदवारांच्या कार्डांवर नूतनीकरणाच्या तारखा घालण्याचं काम नोंदणी कारकून या नात्यानं माझं होतं. ते माझ्याकडून राहिलं. उमेदवारांना तारीख कळवलेलीच नसल्यानं तारीख चुकवण्याचा दोष त्यांच्याकडे जात नाही. तरी सर्व नावं मूळ तारखेसह पुन्हा घ्यावीत. खाली सही. समारंभाचा उल्लेख फक्त दिनांकापुरता. आधी समारंभ, मग तारखा, असं कोण म्हणालं होतं, त्याचा उल्लेखच नाही.

साहेबांनी टिपण वाचून अण्णांना आत बोलावलं. दोन खोल्यांच्या मध्ये दार नव्हतं, पडदा होता. त्यामुळं मला सगळं ऐकू आलं.

"शेटे, शाबासकीचं पत्र येऊन महिना नाही झाला. एकोणीस नावं परत आली तर आकडा वाढेल."

"वाढेल, साहेब."

"आणि भत्त्याची यादी?"

"त्यातले सात मॅट्रिक आहेत. तीही वाढेल."

"लोकांना मेळाव्यात कार्डं मिळाली, त्यांनी ती भिंतीला टांगली. त्याला आपण काय करणार? सख्ख्या मुलाचं नाव तुम्ही कापलंत. तेव्हा कुठं गेला होता हा कळवळा?"

"त्याच्या कार्डाच्या मागं तारीख होती, साहेब."

पडद्याआडून कागदाची सळसळ ऐकू आली. साहेब टिपण पुन्हा वाचत असावेत, या वेळी सावकाश, स्वतःचं नाव शोधत. ते मिळालं नाही, तेव्हा त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"तुम्हाला ताकीद द्यावी लागेल. हेडक्लार्कची शिफारस मग जाणार नाही."

"तसंच करावं लागेल," अण्णा म्हणाले. "नाहीतर चूक कुणाची, हे विचारत वरचे लोक खाली येतील."

साहेबांनी चहा मागवला. दोन कप. सही झाली: नावे मूळ दिनांकासह पुनश्च दाखल करावीत, संबंधितास सक्त ताकीद द्यावी. ताकिदीची पत्रं टाइप करणं हे आमच्याकडे अण्णांचंच काम होतं. त्यांनी स्वतःला ताकीद टाइप केली, साहेबांच्या मसुद्यातला एक शुद्धलेखनाचा दोष सुधारला, स्वतःच्या टेबलावर बजावली आणि पोहोच म्हणून सही करून फाइलला लावली. मग मला म्हणाले, "आता त्या रेघा खोडा. पट्टी नको."

आकडा वाढला. पुण्याहून पत्र आलं, की आपल्या कार्यक्षेत्रात बेकारी वाढण्याची कारणं काय. उत्तराचा मसुदा अण्णांनी केला, साहेबांनी न वाचता सही केली. त्यात लिहिलं होतं: सदर वाढ ही वस्तीतील नसून कागदावरील आहे. मागील महिन्यातील घटही त्याच स्वरूपाची होती. यावर कुणाचं उत्तर आलं नाही. सरकारी पत्रव्यवहारात यापेक्षा मोठी दाद मी पाहिलेली नाही.

त्यानंतर पत्रं जाऊ लागली. तारीख जुनी असल्यानं माळवस्ती यादीत वर होती. पहिल्याच फेरीत पाच जण कंपनीत शिकाऊ म्हणून घेतले गेले. पुढच्या दीड-दोन वर्षांत एक-एक करत बहुतेकांचं झालं. दोघांनी मध्यंतरी भत्ता घेतला आणि त्यातल्या एकानं एसटी स्टँडवर चहाची गाडी टाकली. एकजण कंपनीत तीन दिवस गेला आणि भोंग्यावर उठायचं आपल्याला जमणार नाही, असं सांगून बैलांकडे परतला. अण्णांनी त्याच्या कार्डावर 'स्वेच्छेने' असं लिहिलं आणि त्याला नावं ठेवली नाहीत.

बबनला पत्र आलं तेव्हा त्याच्या वयाची अट संपायला दोन महिने उरले होते. लागल्यावर तो पहिल्या आठवड्यात आम्हाला सांगायला आला. अंगात निळा डगला, नखांत वंगण. अण्णांनी चौकशी केली: कुठल्या मशिनवर, शिफ्ट कुठली, फोरमन कसा. मग हात पुढं केला. "कार्ड द्या."

बबन गोंधळला. "ते कशाला आता?"

"आता तर हवंच. तुम्ही बेकार नाही. नाव कापायला पाहिजे."

खणातलं कार्ड काढून त्यांनी रेघ मारली. मी बघत होतो. रेघ वाकडी गेली. शेजारी त्यांनी लिहिलं, 'कामावर लागले', आणि टीपकागदानं इतका वेळ दाबून धरलं, की शाई वाळून गेली तरी हात उचलला नाही. मग पुढच्या माणसाला हाक मारली.

हेडक्लार्क ते झाले नाहीत. त्यांच्यामागून आलेला एकजण झाला, आणि अण्णा त्याला बिनतक्रार साहेब म्हणत. निवृत्तीच्या समारंभाला जठारसाहेबांच्या जागी आलेल्या नव्या अधिकाऱ्यांनी हजारो तरुणांच्या आयुष्याचं सोनं करणारे वगैरे म्हटलं. अण्णा शाल अंगावर घेऊन बसले होते. आभाराला उठले आणि एवढंच बोलले, की खणातली डावीकडची कार्डं ओल लागून फुगतात, पावसाळ्याआधी ती वर हलवावीत. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि कार्डं हलवली नाहीत.

त्यानंतर दोनेक वर्षांनी एकदा ते मला दिसले. सकाळची वेळ, कासारवाडीचं स्टेशन. अण्णा तिथंच राहत. हातात कापडी पिशवी होती, पिंपरीच्या मंडईला निघाले होते. मीही त्याच गाडीसाठी थांबलो होतो. फलाटावर पहिल्या पाळीला निघालेल्या कामगारांचा एक घोळका होता. त्यात स्टीलच्या डब्यांची जड पिशवी सांभाळत उभा असलेला एकजण मला ओळखीचा वाटला. कॅन्टीनला डबे पोहोचवणारा नव्हता तो, कंपनीचाच माणूस. मित्रांचे डबे गोळा करून धरले होते. दशरथ. माळवस्तीतला; बबननं एकदा लांबून दाखवला होता. आता इकडंच खोली घेऊन राहत होता. शिक्क्यासाठी त्याचं कार्ड दरवेळी त्याचा भाऊच आणायचा, म्हणून तो अण्णांना चेहऱ्यानं ओळखत नव्हता.

तो नव्या पोरांना सांगत होता, की आपल्याला चिकटवलं ते पाहुण्यांनी. "सोत्ताच्या हातानं कार्ड दिलं राव आमच्या बापाला. स्टेजवर. फोटू हाय घरी. तवापासून वस्तीत बेकार न्हाई कुणी. असा माणूस पायजे."

मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी ऐकलं होतं. मी म्हणालो, जाऊन सांगू का त्याला?

"काय सांगता?" अण्णा म्हणाले. "कामाला निघालाय. उशीर होईल."

"पण अण्णा, सगळं श्रेय—"

"पाळी कुठली आहे त्याची, ते विचारलंत का? पहिली आहे. आणि नव्या पोरांना घेऊन निघालाय, म्हणजे परमनंट झाला असेल." एवढं बोलून ते रुळांकडे बघू लागले. चेहऱ्यावर समाधान होतं, की उन्हामुळं डोळे बारीक झाले होते, हे मला ठरवता आलं नाही.

गाडी आली. घोळका पुढं घुसला. "काका, जरा सरका," म्हणत दशरथनं अण्णांना हलकेच बाजूला केलं आणि डब्यांसह आत जाऊन खिडकीजवळ बसला. बाकीच्यांनाही जागा मिळाल्या. अण्णा मागून चढले आणि दांडीला धरून थेट पिंपरीपर्यंत उभे राहिले.

पिंपरी हे कासारवाडीच्या पुढचंच स्टेशन आहे.